तो वजनकाटा बाहेर काढा: ठाण्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब, डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी निम्मे लोक मला चेहऱ्याने ओळखतील. नाव आठवणार नाही, कारण आमच्या धंद्यात नावाने कोणी हाक मारत नाही. कंपाउंडर आत डोकावून "एमआर बसलाय" एवढंच सांगतो. एमआर म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. चरई, नौपाडा, खारकर आळी, कोपरी, कळवा आणि शेवटची सहा-सात वर्षं घोडबंदर रोड, अशी ३१ वर्षं बॅग घेऊन तुमच्या बाकांवर बसलो. शेवटचा पेशंट गेला की दोन मिनिटं मिळायची. तेवढ्यात तीन प्रॉडक्ट सांगायची, आणि पहिलं नेहमी पित्ताचं. रॅनिटिडीनपासून सुरुवात केली, पँटोप्राझोल-डोमपेरिडॉनवर रिटायर झालो. तुमच्या टेबलावर जठराचं प्लास्टिकचं मॉडेल असेल, झाकण काढलं की आत लाल अल्सर दिसतो, तर ते बहुतेक मीच आणून ठेवलेलं आहे.

त्या मॉडेलची मागची बाजू सपाट होती, टेबलावर नीट बसावं म्हणून. खऱ्या माणसात तिथे स्वादुपिंड असतं. हे तुम्हाला मी सांगणं हास्यास्पद आहे, पण पत्र खुलं आहे, इतरही वाचतील. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून ते आडवं पडलेलं असतं. लांबी साधारण वीतभर. उजवीकडचं डोकं लहान आतड्याच्या कमानीत, डावीकडची शेपटी प्लीहेपर्यंत. पित्ताची नळी त्या डोक्यातूनच खाली उतरते. पाचक रस इथलाच, इन्सुलिनही इथलंच. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, या स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. गेल्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी तो गेला. वय ६२.

झालं ते असं. आदल्या वर्षीच्या गणपतीत दादा एकच मोदक खाऊन पानावरून उठला. जेवल्यावर वरच्या पोटात गच्च वाटतं म्हणाला, करपट ढेकर येतात म्हणाला. मी काय केलं असेल? कपाटातून सॅम्पलचा खोका काढला आणि दोन स्ट्रिपा त्याच्या हातावर ठेवल्या. रोज सकाळी उपाशीपोटी एक. म्हणजे या सगळ्या प्रकरणातलं पहिलं चुकीचं प्रिस्क्रिप्शन कुठल्याच डॉक्टरचं नाही, माझं आहे. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला राग कमी येईल.

महिनाभराने तो डॉक्टरांकडे गेला. तेच औषध, ब्रँड वेगळा. दिवाळीच्या सुमारास रक्तात साखर निघाली, २४८. आमच्या घरात आजवर कोणाला मधुमेह नाही. "रिटायर झाल्यावर हे व्हायचंच, चालायला जा," असं सांगून मेटफॉर्मिन सुरू झालं. दादा तलावपाळीला फेऱ्या मारू लागला. तिथली मंडळी म्हणायची, "अरे वा, पोट कुठे गेलं तुझं?" त्याला बरं वाटायचं. आम्हालाही. त्याचा बेल्ट माझ्याकडे आहे. दुकानातून आलेली पाच भोकं, आणि त्यांच्या पुढे त्याने खिळा तापवून घरी पाडलेली तीन. ही तीन एका ओळीत नाहीत. तिसऱ्याच्या कडेला चामडं जळून काळं झालंय.

जानेवारीत पाठ धरली. फिजिओच्या दहा सिटिंग झाल्या. रात्री पाठ टेकता यायची नाही, म्हणून तो डायनिंग टेबलावर उशी ठेवून तिच्यावर ओणवा होऊन झोपायचा. पुढे वाकलं की दुखणं कमी व्हायचं. वहिनीने हे सांगितलंही होतं, पण सांगितलं ते हाडांच्या डॉक्टरांना. फेब्रुवारीत डोळे पिवळे दिसायला लागले, अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी. शेजारच्या काकूंनी काविळीच्या माळेचा पत्ता दिला. गेलो आम्ही. हसू नका, तुमचेही पेशंट जातात, तुम्हाला सांगत नाहीत. माळ डोक्यावरून हळूहळू गळ्यात उतरते, तशी कावीळ उतरते म्हणतात. आठ दिवसांत माळ उतरली. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, १४ वर गेलं.

दादा गेल्यावर महिन्याभराने मी त्याची फाइल उघडून सगळे कागद जमिनीवर तारखेप्रमाणे लावले. जुनी सवय, रिपोर्टिंगची. गणपतीनंतरच्या साडेपाच महिन्यांत तीन डॉक्टर, सात व्हिजिट. सातही केसपेपरांवर ब्लडप्रेशर आहे. १३०/८०, १३४/८४, १२८/८०, वगैरे. त्याच्या शेजारी छापील 'वजन' आणि पुढे रेघ. ती रेघ सातही ठिकाणी रिकामी.

पहिल्यांदा वजन लिहिलं गेलं ते केमोच्या फाइलीत, कारण तिथे औषधाचा डोसच वजन-उंचीवर ठरतो. ५८ किलो. त्याआधीचा आकडा सापडला तो वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कंपनीच्या शेवटच्या वार्षिक तपासणीत, ७४. मधले १६ किलो कुठल्याच कागदावर नाहीत. फक्त बेल्टवर आहेत.

पत्र लिहायचं कारण एवढंच.

तुमचा वजनकाटा कुठे असतो ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण तुम्ही खुर्चीत असता आणि मी बाकावर. तो बाकाखाली सरकवलेला असतो. त्याच्यावर सॅम्पलचे खोके असतात, आणि ते आम्हीच ठेवलेले असतात. इलेक्ट्रॉनिक असेल तर सेल संपलेले. काट्याचा असेल तर रिकामाच दोन किलो दाखवतो. लहान मुलांचा मात्र टेबलावर, चकचकीत, कारण डोस वजनावर द्यायचा असतो. मोठ्या माणसाला आपण विचारतो, "वजन किती?" तो म्हणतो, "सत्तर असेल." आपण लिहीतही नाही.

आता तुमच्या मनात येईल की पित्त, साखर आणि पाठदुखी घेऊन रोज वीस माणसं येतात, सगळ्यांना सीटी स्कॅनला पाठवू का? नाही, मुळीच नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघालेल्या २,१२२ लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तो १८ जणांना. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरा नाही. आपल्याकडे मधुमेहाचं जे प्रमाण आहे ते पाहता सरसकट सीटी करणं हा वेडेपणा ठरेल, आणि सीटीसाठी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्ट औषधाचा मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो तो वेगळाच.

पण त्या शंभरातून संशयाचे दोन-चार वेगळे काढता येतात, आणि ते काढायला काटा लागतो. नेहमीचा मधुमेह बहुतेक वेळा वजन वाढता वाढता येतो. ट्यूमरमुळे येणारा मधुमेह वजन उतरत असताना येतो, आणि साखर वर्षभरात भरकन चढते. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१८ साली यावर एक साधं गणित मांडलं. त्यात तीनच गोष्टी धरल्या आहेत: वय, वर्षभरात साखर किती वाढली आणि वर्षभरात वजन किती बदललं. गुण तीन किंवा जास्त आले तर धोका साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. मी हे वाचलं आणि केसपेपरवरच्या त्या सात रेघा डोळ्यांसमोर आल्या. गणित मांडायला गेल्या वर्षीचं वजन लागतं हो. ते आपल्याकडे कोणाचं असतं?

इंग्लंडमध्ये जनरल प्रॅक्टिशनरना तर सरळ सूचनाच आहे. साठीच्या पुढच्या माणसाचं वजन घटतंय आणि सोबत पोटदुखी, पाठदुखी, मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ किंवा नवीन मधुमेह यांतलं एक जरी असेल, तर दोन आठवड्यांत सीटी करण्याचा विचार करा. चाळिशीपुढच्या माणसाला कावीळ झाली तर कॅन्सरचा संशय धरूनच पुढे पाठवा. दादाकडे यातलं अर्धं जानेवारीतच होतं. फक्त ते तीन वेगवेगळ्या दवाखान्यांत वाटलेलं होतं. पोट एकीकडे, साखर दुसरीकडे, पाठ तिसरीकडे.

तुम्ही म्हणाल, सोनोग्राफी केली होती की. केली होती, नोव्हेंबरातच. तो रिपोर्ट माझ्यापुढे आहे. यकृत: फॅटी, ग्रेड एक. पित्ताशय: नॉर्मल. मूत्रपिंडं: नॉर्मल. स्वादुपिंड: आतड्यातल्या वायूमुळे दिसू शकले नाही. शेवटी ठळक अक्षरांत निष्कर्ष: ग्रेड एक फॅटी लिव्हर, बाकी विशेष काही नाही. डॉक्टरांनी निष्कर्ष वाचला, दादाने वाचला, मीही वाचला, आणि आम्ही तिघेही खूश. जे दिसलंच नाही ते "विशेष काही नाही" मध्ये जाऊन बसलं. रेडिओलॉजिस्ट खोटं लिहीत नव्हता. जठर आणि आतड्यातला वायू आड आला की मागचं काही दिसत नाही, शेपटीकडचा भाग तर फारच कमी वेळा धड दिसतो. पण ती ओळ म्हणजे तपासणी अर्धी राहिल्याची नोंद आहे, आणि आपण ती नॉर्मल म्हणून वाचतो. तुमच्या ड्रॉवरमधले कुठलेही दहा रिपोर्ट काढून बघा, ही ओळ दोन-तीनांवर तरी सापडेल असं मी पैजेवर सांगतो. त्यातलं कोणी बारीक होतंय का, एवढंच विचारा.

सीए १९-९ या रक्ततपासणीबद्दल एक शब्द, कारण लॅबवाले हल्ली ती पॅकेजमध्ये घालतात. ती लवकर निदानाची तपासणी नाही. साध्या काविळीतही हा आकडा वाढतो. उलट शंभरातल्या पाच-दहा माणसांच्या रक्तात तो पदार्थ जन्मतःच तयार होत नाही, त्यामुळे कॅन्सर असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. निदान झाल्यावर उपचार लागू पडतोय का हे बघायला तिचा उपयोग.

कावीळ. न दुखणारी कावीळ, पांढरट शौच आणि हाताला लागणारं पित्ताशय, तर पित्ताच्या खड्याऐवजी दुसरा संशय घ्या, हे १८९० पासून पुस्तकात आहे. तुम्ही परीक्षेत लिहून आलेले आहात. दादाच्या वेळी चूक झाली ती पुढच्या पायरीवर. खाज आणि पिवळेपणा पाहून आम्ही एवढे घाबरलो की जवळच्या हॉस्पिटलात दुसऱ्याच दिवशी दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे पित्तनलिका मोकळी ठेवणारी बारीक नळी, बसवला. सीटीच्या आधी. स्टेंटनंतर तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, दहा दिवस ॲडमिट. मग सीटी. गाठ साडेतीन सेंटीमीटरची, पण आजूबाजूला सगळी सूज, त्यामुळे शेजारच्या रक्तवाहिन्यांना ती खरंच चिकटली आहे की नाही ते नीट सांगता येईना. आणि ऑपरेशन होणार की नाही हे नेमकं त्यावरच ठरतं. परळला टाटामध्ये पहिला प्रश्न आला: "स्टेंटच्या आधीचा सीटी आहे?"

नव्हता.

नेदरलँड्समध्ये २०१० साली यावर रीतसर अभ्यास झालेला आहे. ज्यांचं ऑपरेशन होणार होतं अशा रुग्णांत आधी स्टेंट घातलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली, आणि सरळ ऑपरेशनला गेलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. स्टेंट लागतोच अशाही वेळा असतात: पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला, बिलिरुबिन फारच चढलं, किंवा आधी केमो द्यायची ठरली. पण ते ज्याने ठरवायचं त्याने आधी सीटी बघितलेला असावा. घाबरलेल्या नातेवाइकांना त्या संध्याकाळी कोण अडवणार? आम्ही कोणाचं ऐकत असू तर ते तुमचंच. "आज रात्री काही होत नाही, आधी स्वादुपिंडाचा सीटी करा, तो सर्जनला दाखवा, मग स्टेंट," एवढं एक वाक्य फोनवर जरी सांगितलंत तरी पुरे.

आधी कळलं असतं तर दादा वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. हा आजार वाईट आहे. २०२२ साली जगभरात सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आणि ४ लाख ६७ हजार मृत्यू, आकडे एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ ला गेले ते याच आजाराने. नाकात नळी घेऊन पुलाची पाहणी करणारा तो माणूस टीव्हीवर पाहिला, तेव्हा आमच्या सोसायटीत स्वादुपिंड हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला. निदान होतं तेव्हा ऑपरेशन करता येईल असे शंभरातले पंधरा-वीसच असतात. पण त्या पंधरा-वीसांत मोडणं आणि न मोडणं यात फरक केवढा आहे ते बघा. गाठ काढून नंतर पूर्ण ताकदीची केमो झेपलेल्यांत, २०१८ च्या फ्रेंच-कॅनेडियन अभ्यासात, निम्मे रुग्ण साडेचार वर्षांनीही जिवंत होते. पसरलेल्या आजारात साधारण तीच औषधं देऊन २०११ च्या अभ्यासात निम्मे रुग्ण जिवंत असण्याचा हाच काळ अकरा महिने आला. दादाला स्टेंटच्या गडबडीनंतर पाच आठवड्यांनी पुन्हा सीटी केला तेव्हा यकृतात ठिपके होते. तो अकरा महिन्यांच्या रांगेत गेला, आणि त्याला सातच मिळाले.

ऑपरेशन कुठे करायचं हेही लोक तुम्हालाच विचारतील. व्हिपल म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची कमान, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा काढून उरलेलं सगळं पुन्हा जोडणं. वर्षाला दोन-चार करणाऱ्या ठिकाणी आणि आठवड्याला दोन-चार करणाऱ्या ठिकाणी जिवाच्या धोक्यात बराच फरक पडतो. आपण ठाणेकर नशीबवान, परळ स्लो लोकलने तासाच्या आत, आणि टाटाचंच खारघरचं केंद्र ट्रान्स-हार्बरवर. गर्दी आहे, फुटपाथवर झोपणारे नातेवाईक आहेत, पहिल्या दिवशी माणूस भांबावतो. नंबर लावायला बरोबर कोणीतरी तरुण न्या म्हणावं. आणि रेशन कार्ड न्या म्हणावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं नाव आम्हाला केमोच्या तिसऱ्या सायकलला कळलं, तोवर वहिनीच्या पाटल्या गेल्या होत्या.

आता जरा माझ्या प्रांतात येतो. पॅनक्रिआटिन, म्हणजे पाचक रसाची कॅप्सूल. ही कॅप्सूल मी चार वर्षं विकली आणि कधी टार्गेट पूर्ण झालं नाही, कारण तिचा वापरच होत नव्हता. गाठीमुळे नळी बंद झाली की पाचक रस आतड्यात पोचत नाही. शौच तेलकट होते, भांड्याला चिकटते, पाण्यावर तरंगते, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. घरचे म्हणतात, कॅन्सर खातोय. बऱ्याचदा माणूस अर्धा उपाशी असतो. इंग्लंडमध्ये ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या रुग्णांना ही कॅप्सूल द्यावी अशी २०१८ पासून सूचनाच आहे. आणि देताना कशी घ्यायची ते सांगा. उपाशीपोटी नाही, जेवण झाल्यावर नाही. पहिल्या घासाबरोबर एक, मध्ये एक. नाश्त्याला, दुधाच्या कपालाही. दादाला कोणीतरी दिवसातून एकदा रात्री झोपताना लिहून दिली होती. झोपताना! मी ती वेळ बदलून घेतली, त्याच आठवड्यात त्याने वरणभात मागून घेतला. औषध विकण्याच्या ३१ वर्षांत एवढा आनंद मला दुसऱ्या कुठल्या ऑर्डरने दिलेला नाही.

दुखण्याबद्दल. मॉर्फिनला घाबरू नका. २०१४ मध्ये कायदा बदलून ते मिळणं सोपं केलं आहे. पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन वेदना थांबवता येते, हेही कित्येक नातेवाइकांना शेवटपर्यंत कळत नाही. शेवटच्या महिन्यात आमच्या घरी एक डॉक्टर जिना चढून येत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पहिल्या दिवशी ते वहिनीला म्हणाले, "वहिनी, बरं करायला आलेलो नाही, पण दुखू देणार नाही." दादा त्या रात्री टेबल सोडून पलंगावर झोपला.

तर विनंती एकच. तुमच्यात कोणी एमबीबीएस आहे, कोणी बीएएमएस, कोणी बीएचएमएस, काटा सगळ्यांकडे सारखाच. तो बाहेर काढा. चाळिशीपुढचा जो येईल, सर्दीला येवो नाहीतर सर्टिफिकेटला, त्याला चपला काढून त्यावर उभा करा आणि आकडा केसपेपरवर लिहा. कंपाउंडर करेल, तुमचं अर्धं मिनिटही जाणार नाही. पुढच्या वेळी दोन आकडे शेजारी दिसतील.

खोके कुठे ठेवायचे हा प्रश्न आहे, मला कल्पना आहे. आमच्या नव्या पोरांना मी सांगून ठेवलंय. मी पुढच्या महिन्यापासून संध्याकाळचा पुन्हा फिरणार आहे, चरईपासून सुरुवात. या वेळी बॅगेत सॅम्पल नसतील, पेन्सिल सेल असतील, आणि काटा तपासायला पाच किलोचं एक वजन, आमच्या वाण्याकडून उसनं आणलेलं. शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाकावर बसेन. कंपाउंडरला नाव सांगणार नाही, एमआर आलाय म्हटलं तरी चालेल.

आपला,
चरईतला एक रिटायर्ड एमआर